राजीनामा द्यायला लावला, आता मुलाखतीत काय सांगू? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यात भरतीचं काम करते. आयटी, उत्पादन आणि बँकिंग अशा तिन्हीकडच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसते. कंपनीने गोड बोलून किंवा दम देऊन ज्यांना बाहेर काढलं त्यांचे मेसेज येतच असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. कोणतंही उत्तर एकटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे क्रमांक दिलाय. कंपनीशी कायद्याने भांडायचं असेल तर वकील किंवा युनियन गाठा. ते या पानाचं काम नाही.

१. एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. "आत्ताच राजीनाम्याचा मेल कर, नाहीतर टर्मिनेशन लेटर देतो." मी मेल केला. मग मला काढलं की मी सोडलं?

कागदावर तुम्ही सोडलं. घडलं ते वेगळं, हे तुम्हाला, एचआरला आणि बहुधा तुमच्या अख्ख्या टीमला माहीत आहे. पण नवी कंपनी तपासणार तो कागद. म्हणून मुलाखतीची तयारी करण्याआधी हातात काय काय आहे ते काढून बसा: राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवपत्र, फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या देण्याघेण्याचा हिशेब. सोडण्याचं कारण कुठे लिहिलंय का आणि कोणत्या शब्दांत, ते वाचा. शेवटच्या दिवसाची तारीखही बघा. अशा घाईत उरकलेल्या प्रकरणांत मेलमधली, लेटरवरची आणि पीएफमधली तारीख वेगवेगळी निघते.

"राजीनामा दिला" म्हणणं खोटं नाही. "चांगल्या संधीसाठी सोडलं" हे मात्र खोटं आहे, आणि तीन महिने घरी असलेल्या माणसाच्या तोंडून ते कुणाला पटतही नाही.

२. "आधीची नोकरी का सोडली?" याचं उत्तर किती लांब द्यायचं?

दोन वाक्यं, फार तर तीन. आधी काय झालं ते, मग तुम्ही आता काय शोधताय ते. आणि थांबायचं.

थांबणंच अवघड जातं. उमेदवार दोन वाक्यं छान बोलतो. मी वहीत काहीतरी लिहायला मान खाली घालते. तेवढ्या चार-पाच सेकंदांच्या शांततेत त्याला वाटतं, हिला पटलेलं नाही. मग सुरू होतं, "म्हणजे ॲक्च्युअली काय झालं ना मॅडम..." आणि पुढची दहा मिनिटं मॅनेजर, अप्रेझल, आपल्याऐवजी ऑनसाइटला गेलेला कोणीतरी, बेल कर्व्ह (रेटिंग ठरावीक प्रमाणात वाटायची पद्धत). वहीत मी फक्त "लगेच रुजू होऊ शकतो" एवढंच लिहीत होते.

समोरच्याला तपशील हवा असेल तर तो विचारेल. विचारला नाही तर समजा की उत्तर पुरलं.

३. तत्त्वं नकोत, नेमकी वाक्यं सांगा.

घ्या. पण जशीच्या तशी पाठ करू नका, आपल्या तोंडी बसतील अशी करून घ्या.

प्रोजेक्ट गेला आणि बेंचवर (पगार चालू, हातात काम नाही) बसलात: "क्लायंटने मार्चमध्ये काम बंद केलं. दोन महिने बेंचवर होतो, माझ्या स्किलचं दुसरं काम निघालं नाही, तेव्हा कंपनीने सोडायला सांगितलं. मला सपोर्टमधून डेव्हलपमेंटला यायचंच होतं, म्हणून तुमच्याकडे अर्ज केला."

कपात: "आमच्या विभागातली पदं कमी केली, त्यात माझं गेलं. अकरा जणांतले चार राहिले." आकडा खरा असेल तर जरूर सांगा. "रीस्ट्रक्चरिंग झालं" एवढंच म्हणणारे खूप असतात. अकरातले चार म्हटलं की ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. कपातीची लाज बाळगायचे दिवस तर केव्हाच गेले. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून हिंजवडीत हे उत्तर ऐकून कोणी भुवया उंचावत नाही.

वरिष्ठ बदलले: "नवे हेड आले, त्यांनी टीमची रचना बदलली. माझं काम रिपोर्टिंगचं होतं, त्यांना सेल्सचा अनुभव असलेला माणूस हवा होता. मी राजीनामा दिला." इथे "परस्परसंमतीने" हा शब्द बरेच जण घुसडतात. खरंच बसून ठरवलं असेल तरच तो वापरा, नाहीतर "म्हणजे तुम्ही काय मागितलंत?" असं विचारल्यावर बोलती बंद होते.

स्टार्टअप: "फंडिंगचा पुढचा टप्पा आला नाही, दोन पगार लांबले आणि मग टीम निम्मी केली." यावर सहसा पुढे प्रश्नच येत नाही.

मुलाखत इंग्रजीत असेल तर ही वाक्यं आधी मराठीत पक्की करा आणि मग इंग्रजीत आणा. "माय रोल वॉज इम्पॅक्टेड इन अ रीस्ट्रक्चरिंग" हे प्रत्येक रिक्रूटरच्या कानाला सरावाचं आहे. कपातीत गेलेल्यांनी "फायर्ड" म्हणू नये. ऐकणारा लगेच गैरवर्तनाचा विचार करतो.

४. राजीनाम्यात "पर्सनल रीझन" लिहायला लावलं होतं. तेच सांगितलं तर कागदाशीही जुळेल ना?

कागदाशी जुळेल, पण पुढच्या प्रश्नाशी जुळणार नाही. "काय अडचण होती? आता सुटली का?" हे विचारलं जाणारच, कारण अडचण परत उपटली तर माणूस परत जाईल ही भीती असते. मग लोक आईचं आजारपण रचतात. नोकरी लागल्यावर पहिल्याच टीम लंचला कोणीतरी आपुलकीने विचारतं, "काकू कशा आहेत आता?" आणि तिथून पुढे दोन वर्षं तो आजार सांभाळावा लागतो.

कोणी बोट ठेवलंच की राजीनाम्यात वैयक्तिक कारण लिहिलंय, तर सरळ सांगा: "एचआरने त्याच शब्दांत मेल करायला सांगितला होता. प्रत्यक्षात आमचा विभाग बंद होत होता." भरतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत ठाऊक आहे. धक्का कुणालाच बसत नाही.

५. मला पीआयपीवर (कामगिरी सुधारायला दिलेली ठरावीक मुदत, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) टाकलं होतं. सांगू की नको?

विचारल्याशिवाय सांगू नका. थेट विचारलं तर नाकारू नका.

आता जरा सविस्तर. पीआयपी दोन प्रकारचे असतात आणि तुमचा कुठला, हे आधी स्वतःशी ठरवा. एक खरा: उद्दिष्टं मोजता येतील अशी, दर आठवड्याला आढावा, मदतीला माणूस. दुसरा नावापुरता: बाहेर काढायचं आधीच ठरलेलं, तीस दिवसांत कुणालाही जमणार नाही अशी यादी, आणि आढावा बैठका रद्द होत जातात. बरेच जण मला दुसऱ्या प्रकाराचं सांगतात आणि कागद दाखवतात तो पहिल्याचा. तसं असेल तर मुलाखतीत अन्यायाचा सूर लावू नका, कारण तुमचं काम समजणारा तांत्रिक मुलाखतकार दोन प्रश्नांत नेमकी उणीव शोधून काढतो.

खरा असेल तर असं बोला: "शेवटच्या तिमाहीत माझ्या कामावर पीआयपी होता. डिलिव्हरीच्या तारखा चुकत होत्या. मला एकाच वेळी तीन क्लायंट सांभाळायचं तंत्र जमलेलं नव्हतं. आता मी कामाचा अंदाज लेखी देतो आणि अडकलो तर दोन दिवस आधी सांगतो." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते "मी खूप शिकलो" इतकं मोघम ठेवलंत तर बाकीचं फुकट गेलं.

नावापुरता असेल तर त्याच्या आधीची रेटिंग्ज तुमच्या बाजूने बोलतील. "दोन वर्षं रेटिंग चांगलं होतं. टीम दुसऱ्या विभागात विलीन झाली आणि त्यानंतर तीन महिन्यांत पीआयपी आला." घटनाक्रम सांगा, आरोप करू नका. निष्कर्ष समोरचा काढतो, आणि तो बहुधा बरोबरच काढतो.

फॉर्ममध्ये लेखी विचारलं असेल तर प्रश्न ८ बघा.

६. पण मला काढलं हे नव्या कंपनीला कळणार कसं? बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये नक्की काय तपासतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा हेतू मला कळतो. तरीही उत्तर देते.

पडताळणी बहुतेक कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. एजन्सी तुमच्या जुन्या एचआरला एक छापील फॉर्म मेल करते. त्यात साधारण हे रकाने असतात: एम्प्लॉई कोड, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, पगार, रिपोर्टिंग मॅनेजर, सोडण्याचं कारण, एक्झिटच्या औपचारिकता पूर्ण झाल्या का, आणि "या व्यक्तीला पुन्हा घ्याल का?" शेवटचे तीन रकाने आपल्या विषयाचे. बऱ्याच मोठ्या कंपन्या कारणापुढे "राजीनामा" एवढंच लिहितात आणि पुन्हा घेण्याच्या प्रश्नावर "कंपनीच्या धोरणानुसार सांगता येत नाही" म्हणतात. छोट्या कंपनीतला एचआर मात्र फोनवर मनमोकळं बोलतो.

दुसरी वाट पीएफची. यूएएनच्या (तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. एक-दोन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळली तरी तिथे ती उभी असते. तीच गोष्ट २६एएसची, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या विवरणाची: ज्या कंपनीने टीडीएस कापला तिचं नाव तिथे आहेच.

पीएफवर सोडण्याचं कारण म्हणून कंपनी जे निवडते ते ठरावीक यादीतून असतं: निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व, किंवा नोकरी संपली. काढलं की सोडलं हे तिथून कळत नाही. याची उगाच धास्ती घेणारे खूप आहेत. कंपनीने सोडल्याची तारीखच भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवर आधार ओटीपीने ती भरू शकता. भरताना रिलिव्हिंग लेटरवरचीच तारीख टाका.

तिसरी वाट ओळखीपाळखीची. तिला फॉर्म नाही, परवानगी नाही. खराडीतल्या कंपनीचा मॅनेजर मगरपट्ट्यातल्या जुन्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲप करतो, "हा कसा आहे रे?" पुणं यासाठी फार लहान गाव आहे. म्हणून सांगते, तुम्ही दिलेलं कारण जुन्या टीममधल्या एखाद्या तटस्थ माणसानेही मान डोलावून मान्य करावं इतपत खरं असू द्या.

७. रिलिव्हिंग लेटर दिलंच नाही. नवी कंपनी मागतेय.

ऑफर लेटर येण्याच्या आधी, रिक्रूटरला स्वतःहून सांगा. ऑफरनंतर सांगितलं की तीच गोष्ट लपवाछपवी वाटते.

पर्याय म्हणून राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार पावत्या, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी द्या. अनेक कंपन्या एवढ्यावर, सोबत एक हमीपत्र घेऊन, रुजू करून घेतात. जुन्या कंपनीला फोन करत बसू नका, मेल करा. दर आठवड्याला एक, त्याच धाग्यात, सभ्य भाषेत. तो धागा पुढे पुरावा म्हणून नव्या एचआरला दाखवता येतो.

अडलेल्या पगाराबद्दल एक माहिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, राजीनामा असो की काढून टाकणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. मेलमध्ये तिचा उल्लेख केला की बऱ्याचदा उत्तर लवकर येतं.

८. फॉर्ममध्ये लेखी विचारलंय: "तुम्हाला कधी कामावरून काढलं किंवा राजीनामा द्यायला सांगितलं आहे का?"

प्रश्न शब्दशः वाचा. "टर्मिनेट केलं आहे का" एवढंच असेल आणि तुमच्याकडे राजीनामा स्वीकारल्याचा कागद असेल, तर "नाही" हे बरोबर उत्तर आहे. "राजीनामा द्यायला सांगितलं का" असंही असेल, तर "होय" लिहा आणि बाजूला एक ओळ: "विभागाची पुनर्रचना, अमुक महिना."

तोंडी बोलण्यात थोडी सवड असते, लेखी घोषणेत नसते. तुमच्या नव्या ऑफर लेटरमध्ये बहुधा एक कलम असेल की दिलेली माहिती खोटी निघाल्यास नोकरी संपुष्टात आणता येईल. ते तीन वर्षांनीही वापरता येतं. "होय" लिहिल्यामुळे ऑफर गेलेले कमी पाहिलेत, "नाही" लिहून नंतर गोत्यात आलेले जास्त.

९. सहा महिने घरी आहे. लिंक्डइनवर अजून "प्रेझेंट" ठेवलंय. चालेल?

नाही. आजच बदला.

गॅपबद्दल विचारलं तर महिन्यांचा हिशेब द्या, पण कोर्सच्या प्रमाणपत्रांची माळ गळ्यात घालू नका. "पहिले दोन महिने सावरण्यात आणि घरच्या कामांत गेले, त्यानंतर रोज अर्ज आणि पायथॉनचा सराव" हे माणसासारखं वाटतं. रिकामे असल्याचा एक फायदाही आहे आणि तो फार थोडे जण बोलून दाखवतात. इतरांची नोटीस ६० ते ९० दिवसांची असते आणि तुम्ही सोमवारी येऊ शकता. रखडलेल्या प्रोजेक्टच्या मॅनेजरला याचं मोल फार असतं.

१०. अजून नोटीस पिरियड चालू आहे, फक्त ऑफिसला यायला मना केलंय. नोकरीत आहे म्हणू का?

म्हणा. पगार चालू आहे तोवर तुम्ही नोकरीतच आहात. "शेवटचा दिवस अमुक तारीख आहे" हे जोडा. का, असं विचारलं तर प्रश्न ३.

११. मॅनेजरने शुद्ध राजकारण केलं. जे खरं आहे ते का लपवायचं?

लपवू नका, पण सगळंच खरं मुलाखतीत मांडायचं नसतं. समोर बसलेला माणूस स्वतः मॅनेजर आहे. तुम्ही जुन्या साहेबांचं वर्णन करू लागलात की तो नकळत स्वतःला त्या जागी बसवतो आणि दोन वर्षांनी तुम्ही त्याच्याबद्दल काय बोलाल याचा अंदाज बांधतो. शिवाय दुसरी बाजू त्याला ऐकता येत नाही, त्यामुळे तो तुमच्या बाजूने निकाल देऊच शकत नाही.

तरी एखादा खोदतोच. "मॅनेजरशी पटत नव्हतं का?" यावर "नाही, नाही, खूप छान होते" असं म्हणू नका, चेहरा वेगळंच सांगत असतो. "कामाच्या पद्धतीत फरक होता. त्यांना रोज संध्याकाळी फोनवर आढावा हवा असायचा, मला आठवड्याच्या लेखी अहवालाची सवय होती." एवढा एक खरा, छोटा, कुणाची अब्रू न घेणारा फरक शोधून ठेवा. तो असतोच.

भडास काढायला मित्र आहेत, कट्टा आहे. तिथे काढून या आणि मग मुलाखतीला बसा.

१२. मित्र रेफरल देतोय. त्याला खरं सांगू का?

हो, आणि मुलाखतीत जे वाक्य बोलणार आहात तेच त्यालाही द्या. त्याचा एचआर त्याला हमखास विचारतो, "का सोडलं त्याने?" त्याने "काहीतरी पर्सनल" म्हटलं आणि तुम्ही "कपात" म्हटलंत, तर दोघांचीही पत जाते.

१३. मी आयटीत नाही. चाकणला कंत्राटी कामावर होतो / खासगी बँकेत सेल्सला होतो / इंग्रजी शाळेत शिकवत होते. हेच सगळं लागू पडतं का?

बरंचसं. काही फरक आहेत.

कंत्राटी कामगारांनी "काढलं" म्हणूच नये. कंत्राट संपलं आणि वाढवलं नाही, हीच खरी वस्तुस्थिती आहे. लाइनवर कोणतं काम केलं, कोणत्या मशिनवर, किती शिफ्ट, हे सांगा. प्लांटचा माणूस मुलाखतीत सोडण्याच्या कारणावर अर्धा मिनिट घालवतो आणि हजेरीवर पाच. ठेकेदाराचं नाव आणि कंपनीचं नाव दोन्ही नीट सांगा, कारण पीएफ ठेकेदाराच्या कोडवर असतो आणि पडताळणीत कंपनी "हा आमचा कर्मचारी नाही" म्हणते.

बँक आणि विमा विक्रीत टार्गेट चुकलं की राजीनामा मागतात, हे तिथला प्रत्येक जण जाणतो. आकडे लपवू नका: "टार्गेटच्या ६० टक्क्यांवर होतो. शाखा नवी होती, चालू खाती नव्हती. त्याआधीच्या शाखेत ११० टक्के केले होते." विक्रीवाल्यांना टक्केवारीत बोललेलं आवडतं.

शाळांमध्ये शैक्षणिक वर्ष संपताना "पुढच्या वर्षी गरज नाही" असं तोंडी सांगतात आणि लेखी काहीच देत नाहीत. तुम्हाला "पटसंख्या कमी झाली, एक तुकडी बंद केली" हे कारण असेल तर ते पुरेसं आहे. शाळेच्या लेटरहेडवर निदान अनुभवपत्र, विषय आणि इयत्तांसह, मुख्याध्यापकांकडून घेऊनच बाहेर पडा.

१४. बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि महिन्याभरात "रोल नाही" म्हणाले. हे मुलाखतीत बोलू का?

बाळंतपणाच्या रजेच्या काळात किंवा त्या रजेमुळे कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून ही तरतूद आहे. म्हणून परत येईपर्यंत थांबतात आणि मग जागा "नाहीशी" होते. मला याची चीड आहे, पण मुलाखतीपुरतं बोलायचं तर: "रजेत असताना माझं काम दुसऱ्या टीमला दिलं गेलं, परतल्यावर तेवढ्याच जबाबदारीचं पद नव्हतं." मूल कोण सांभाळतं, पुढचा विचार काय, हे विचारणाऱ्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. "कामाच्या वेळांची माझी व्यवस्था झालेली आहे" एवढं बस.

१५. लैंगिक छळाची तक्रार केली होती, त्यानंतर मला बाहेर पडावं लागलं.

तक्रारीचा विषय मुलाखतीत काढू नका. तुमचं चुकलं असं मुळीच नाही. पण तक्रारीचा तपशील आणि संबंधितांची नावं जाहीर करायला २०१३ च्या कायद्यात मनाई आहे, आणि भरतीची बैठक हे त्यासाठी ठिकाणही नाही. "तिथलं वातावरण माझ्यासाठी योग्य राहिलं नव्हतं, म्हणून राजीनामा दिला." पुढे खोदलं तर "याहून जास्त सांगणं मला योग्य वाटत नाही", शांतपणे. यावरून जो तुम्हाला नाकारेल, त्याच्याकडे तुम्हाला काम करायचंच नाहीये.

१६. माझ्याकडे राजीनामा नाही, सरळ टर्मिनेशन लेटर आहे. दोन नोकऱ्या केल्या म्हणून.

मग वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. मूनलाइटिंगचा, म्हणजे नोकरी करताना गुपचूप दुसरं काम करण्याचा, बभ्रा २०२२ मध्ये झाला, विप्रोने त्या वर्षी ३०० जणांना याच कारणावरून काढल्याचं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून पीएफच्या नोंदी बारकाईने बघतात. ही गोष्ट लपत नाही.

पहिल्या एचआर फेरीतच सांगा, शेवटच्या फेरीपर्यंत ताणू नका. "दुसरीकडे संध्याकाळी काम घेतलं होतं. करारात मनाई होती. आता कुठलंही बाहेरचं काम नाही." कारणमीमांसा नको, कर्जाचे हप्ते नकोत. काही कंपन्या तिथेच थांबवतील. छोट्या आणि मध्यम कंपन्यांत, जिथे मालक स्वतः मुलाखत घेतो, तिथे संधी जास्त.

पैशांची अफरातफर किंवा डेटा चोरीचा आरोप असेल तर माझ्या सल्ल्यावर जाऊ नका. आधी वकील.

१७. लागोपाठ दोन नोकऱ्यांत असंच झालं. आता कोण विश्वास ठेवणार?

दोन वेगळी कारणं असतील तर वेगळी सांगा, एकेका वाक्यात. कारण एकच असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे डेडलाइनवरून, तर तुम्ही ते ओळखलंय हे दिसायला हवं, कारण मुलाखतकाराला ते बायोडेटा वाचतानाच दिसलेलं असतं. प्रश्न ५ मधल्या उत्तराची घडण इथे चालेल. आणि पुढची नोकरी निवडताना पगारापेक्षा त्या कामाचं स्वरूप बघा. तिसऱ्या वेळी शब्द शोधणं खरंच कठीण जातं.

१८. अमेरिकेत आहे, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर. इथे काय सांगायचं?

"ले-ऑफ" हा शब्द तिथे सरळ चालतो, आणि बऱ्याच जुन्या कंपन्या पडताळणीत तारखा आणि पद एवढंच सांगतात. तुमचा खरा प्रश्न नोकरी संपल्यावर तिथे राहायला मिळणाऱ्या जास्तीत जास्त ६० दिवसांच्या मुदतीचा आहे. ती पहिल्याच कॉलवर रिक्रूटरला तारखेसह सांगा, म्हणजे व्हिसा हस्तांतराचे कागद वेळेत हलतील.

१९. पगार कमी सांगतील का, गरजू आहे म्हणून?

प्रयत्न करतील. सोडण्याचं कारण आणि पगार एकाच दमात बोलू नका. पगाराची चर्चा निघाली की जुना आकडा पावतीप्रमाणे आणि अपेक्षित आकडा बाजारभावाप्रमाणे, बास. "काहीही चालेल" हे दोन शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नका.

२०. "का सोडलं?" या प्रश्नावर गळा दाटून येतो. मागच्या मुलाखतीत डोळ्यांत पाणी आलं.

बऱ्याच जणांना येतं, वीस वर्षं नोकरी केलेल्यांना तर जास्त. उत्तर मनात म्हणू नका, मोठ्याने म्हणा. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, परत म्हणा. शब्द तोंडाला सरावले की आवाज बसत नाही. पहिली मुलाखत अशा कंपनीत द्या जी मिळाली नाही तरी चालेल. आणि मुलाखतीत दाटून आलंच तर पाणी मागा, घोटभर प्या, "हो, तर कामाबद्दल सांगत होतो" म्हणून पुढे चला. मी पाणी देते आणि विसरते.

२१. ऑफर स्वीकारली, आणि आता पडताळणी करणाऱ्या एजन्सीने "विसंगती" म्हणून मेल पाठवलाय. जुन्या कंपनीने "पुन्हा घेणार नाही" लिहिलंय.

घाबरून फोन करू नका. मेल नीट वाचा: तारीख जुळत नाही की कारण, की पुन्हा घेण्याचा रकाना. तारखेचा घोळ असेल तर रिलिव्हिंग लेटर आणि सर्व्हिस हिस्टरी जोडून दोन ओळींत उत्तर द्या. कारणाचा असेल आणि तुम्ही मुलाखतीत खरं सांगितलं असेल तर तेच लिहा: "एचआर फेरीत मी विभाग बंद झाल्याचं सांगितलं होतं, राजीनाम्याचा आणि तो स्वीकारल्याचा मेल जोडला आहे." पुन्हा न घेण्याचा शेरा एकटाच असेल तर नवी कंपनी बहुधा तुमचं स्पष्टीकरण फाइलला लावते आणि पुढे जाते, विशेषतः तुमचा नवा मॅनेजर "मला हाच हवाय" म्हणाला तर. त्यामुळे त्यालाही कळवा, एजन्सीकडून कळायच्या आत.

उत्तराला दिलेली मुदत पाळा. ती बहुतेक दोन-तीन दिवसांची असते, आणि शनिवार-रविवार त्यात धरले आहेत का ते मेलमध्ये सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून त्याच दिवशी पाठवा.